कणगीतलं धान्य आणि लंडनचं भाडं

चिखलीहून खामगावच्या वाटेला लागलं की अमडापूर येतं. पावसाळ्यात इथल्या वावरांत सोयाबीन, त्याच्या ओळींमधून तूर आणि ती रानं मोकळी झाली की हरभरा, गहू. इथल्या बहुतेक घरांत एक तारखेला पगार येत नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं की एकदा पैसा हातात पडतो, तूर-हरभरा निघाला की दुसऱ्यांदा. त्या दोन वेळच्या पैशांत वर्षभराचं बी-बियाणं, खत, किराणा, दवाखाना, पोरांच्या फिया आणि एखादं लग्नकार्य बसवायचं असतं. हे बसवणारी बाई कुठल्या वहीत आकडे मांडत नाही, पण होळीला कणगी किती उतरलेली असावी हे तिला नेमकं ठाऊक असतं.

हे सांगायचं कारण असं, की परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना खर्चाचे जे सल्ले मिळतात ते पगारदारांचे असतात. महिन्याला इतकं मिळतं, त्यातलं इतकं भाड्याला, इतकं खाण्याला, उरलेलं शिल्लक. विद्यार्थ्याला पगार नसतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता, शिष्यवृत्तीचा हप्ता किंवा घरच्यांनी वावर गहाण टाकून उभी केलेली रक्कम त्याच्या हातात एकदम पडते आणि पुढचं पीक येईपर्यंत ती पुरवायची असते. त्याचा हिशेब शेतकऱ्याच्या हिशेबाचा सख्खा भाऊ आहे. अमडापूरच्या घरातून जाणारी मुलगी या बाबतीत शहरातल्या नोकरदाराच्या मुलीपेक्षा मागे नाही, किंबहुना दोन पावलं पुढे आहे, असं माझं ठाम मत आहे.

मराठी माणसांत या अडचणीतून गेलेला सर्वांत मोठा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या वेळचा विनिमयाचा दर धरला तर हे छप्पन्न डॉलर होतात. याच पैशांत न्यूयॉर्कमध्ये राहायचं, खायचं, मुंबईला घरी पाठवायचं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकंही घ्यायची. त्या तीन वर्षांत त्यांनी दोनेक हजार पुस्तकं जमवली, असं चरित्रकार सांगतात.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, दरमहा साडेचारशे रुपये. परळच्या पोयबावाडीतल्या चाळीत राहून, काटकसर करून त्यांनी शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण परदेशी विद्यार्थ्याच्या हिशेबातली सर्वांत कमी दिसणारी गोष्ट इथे आहे. त्या पाच हजारांचे पौंड किती होणार होते? १९२० साली सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला होता, म्हणजे दहा रुपयांना एक पौंड. त्या भावाने पाच हजारांचे पाचशे पौंड होतात. पण तो भाव टिकला नाही. १९२१ साली रुपया घसरून एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. एक शिलिंग चार पेन्सच धरले तरी त्याच पाच हजारांचे तीनशे तेहतीस पौंड होतात. रकमेला कुणी हात लावला नाही, एक पैही खर्च झाली नाही, तरी तिसरा हिस्सा गेला. त्याच काळात लंडनमध्ये बसून बाबासाहेब ज्या प्रबंधावर काम करत होते त्याचा विषय रुपया हाच होता. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे त्यांचं पुस्तक १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. चलनाचा भाव डळमळला की सामान्य माणसाच्या खिशातली खरेदीची ताकद डळमळते, हा त्यातला कळीचा विचार. रुपयांत कर्ज काढून पौंडांत भाडं भरणाऱ्या विद्यार्थ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आजही तेच आहे. २०२३ च्या सुरुवातीला पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, २०२५ सरता सरता एकशे वीसच्या जवळ पोचला. निघताना शंभराने केलेला वर्षाचा हिशेब एकशे वीसने पाचवा हिस्सा वाढतो. म्हणून बँकेकडे कर्ज मागतानाच आजच्या भावावर दहा टक्के चढवून मागावं. नंतर वाढवून घ्यायला गेलं की पुन्हा कागदपत्रं, पुन्हा जामीन, पुन्हा चिखलीच्या खेपा, आणि तोवर तिकडे मुलगी भाडं थकवून बसलेली असते.

आता आजचे आकडे. नोव्हेंबर २०२५ पासून ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी लंडनमध्ये शिकणाऱ्याला दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड या दराने नऊ महिन्यांचा निर्वाह खर्च खात्यात दाखवावा लागतो. लंडनसाठी ही रक्कम १३,७६१ पौंड होते. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींना ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड निर्वाह भत्ता धरलेला आहे. म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. लंडनमधल्या सामायिक घरातल्या एका खोलीचं भाडंच आठशे ते हजार पौंडांत जातं. फी भरली जाते, विमानाचं तिकीट मिळतं, ही शिष्यवृत्ती शेकडो घरांचं भविष्य बदलते आहे आणि तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण भत्त्याचा आकडा आणि लंडनचं भाडं समोरासमोर ठेवून पाहिल्याशिवाय कुणी विद्यापीठ निवडू नये. शेफील्ड, लेस्टर, ग्लासगो इथे तेच ८२५ पौंड पुष्कळ लांब जातात.

हे भाडं आपल्या मापाने मोजून पाहू. खोलीचे ८५० पौंड आणि पौंडाला १२० रुपये धरले, तर एक लाख दोन हजार रुपये. २०२५–२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे महिन्याच्या भाड्याला एकोणीस क्विंटल सोयाबीन, तेही बाजारात हमीभाव मिळाला तर. पाऊस धड झालेल्या वर्षी दोन-अडीच एकरांचं पीक. हा हिशेब घरात सगळ्यांनी मिळून एकदा करावा, निघण्याआधी, शांतपणे. आणि विमानात बसल्यावर तो पुन्हा करू नये. जाऊन पोचलेली मुलगी दर चहाच्या कपाला एकशे वीसने गुणत बसली तर ती दोन आठवड्यांत खाणं कमी करते, वर्गमित्रांत मिसळायचं टाळते आणि भाड्याच्या आकड्याला तर ती काहीच करू शकत नाही. गुणाकाराने दिवसाला दोन-तीन पौंड वाचतात आणि मन मात्र रोज दुखतं. तिकडे गेल्यावर पौंड पौंडातच मोजावा.

मग वाचवायचं कुठे? माझं उत्तर असं: घर निवडताना आणि वेळ वापरताना. जेवणात आणि उबेत वाचवू नये.

आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेल्या. कॉलेजने त्यांना तीन वर्षांसाठी मिळून सहाशे डॉलरची मदत दिली. राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, नाही पेटवली तर पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा. त्यात शाकाहारी अन्नाची आबाळ. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या, वय बावीस पुरं होण्याआधी. क्षयाला एकच कारण जोडणं बरोबर नाही, पण तीन हिवाळे त्या अंगाने सोसले होते हे विसरता येत नाही. बाबासाहेबांचंही तसंच. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरात १९२१–२२ मध्ये ते राहत. सकाळी घरमालकिणीकडचा तुटपुंजा नाश्ता, मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन, दुपारचं जेवण नाही, आणि रात्री पोटात आग पडली की एका ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांतले चार भाजून खायचे. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण मुलांना सांगताना हेही सांगावं की ती उपासमार त्यांनी निवडलेली नव्हती, आणि आपल्या मुलींनी तिचा कित्ता गिरवावा असं कुठल्याही आईबापांना वाटू नये.

त्यांच्या हिशेबात शिकण्यासारखं आहे ते दुसरंच. परत गेल्यापासून वर्षाच्या आत, जून १९२१ मध्ये, त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळवली आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. शिवाय बॅरिस्टरीचा अभ्यास चालूच. महागड्या शहरात राहायचा प्रत्येक महिना भाडं मागतो, म्हणून जो विद्यार्थी अभ्यासक्रम वेळेवर संपवतो त्याने केलेली बचत कुठल्याही भाजीवरच्या बचतीपेक्षा मोठी असते. लंडनमध्ये नापास होऊन तीन महिने जास्त राहावं लागलं तर नुसत्या भाड्याचेच अडीच हजार पौंड जातात.

याच कारणासाठी अर्धवेळ नोकरीकडे सावधपणे पाहावं. ब्रिटनमध्ये पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. एप्रिल २०२५ पासून एकवीस वर्षांवरच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं, म्हणजे वीस तासांचे २४४ पौंड. आकडा मोहाचा आहे. पण काम महिनाभर शोधूनही मिळत नाही असं होतं, परीक्षेच्या काळात सोडावं लागतं, आणि वीस तासांच्या वर एक तासही काम केलं तर व्हिसा धोक्यात येतो. नोकरीचे पैसे वळवाच्या पावसासारखे धरावेत. आला तर चांगलाच, पण त्याच्या भरवशावर पेरणी करू नये.

जर्मनीने मात्र आपल्या कोठीची युक्ती कायद्यातच आणली आहे. मातीच्या कोठीला बुडाशी लहानसं तोंड असतं आणि त्यात चिंधीचा बोळा. लागेल तेवढं धान्य काढायचं आणि बोळा परत लावायचा. जर्मन व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी भरावे लागतात आणि तिथे पोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरोच बाहेर येतात, एक सेंटही जास्त नाही. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही अलीकडे फी लावली आहे. म्युनिकमध्ये भाडंही या ९९२ युरोंतला मोठा लचका तोडतं. लायपझिग, केमनित्स यांसारख्या पूर्वेकडच्या शहरांत तेवढ्याच पैशांत अंग मोकळं करून राहता येतं. ब्रिटनला किंवा अमेरिकेला जाणाऱ्यांनी असं बंद खातं स्वतःच तयार करावं: सगळी रक्कम एका खात्यात ठेवून दुसऱ्या खात्यात दर सोमवारी आठवड्याचे पैसे आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला द्यावी, आणि कार्ड फक्त दुसऱ्या खात्याचं जवळ बाळगावं. महिन्याऐवजी आठवडा का? आपला आठवडी बाजार आठवड्याला भरतो म्हणूनच. सात दिवसांची चूक आठव्या दिवशी कळते. महिन्याची चूक कळेपर्यंत कोठी अर्धी रिकामी झालेली असते.

या सगळ्यात पहिला महिना वेगळा काढावा, कारण तो पुढच्या तीन महिन्यांएवढा खातो. इंग्लंडमध्ये घरमालक पाच आठवड्यांच्या भाड्याएवढीच अनामत घेऊ शकतो, २०१९ च्या कायद्याने तशी मर्यादा घातली आहे, आणि ती अनामत त्याला सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते. जर्मनीत ही मर्यादा तीन महिन्यांच्या मूळ भाड्याची. त्याशिवाय गादी-पांघरूण, हिवाळी कोट, बूट, भांडी. कोट जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानांत चांगला मिळतो. बुटात मात्र वाचवू नये, पाय ओले राहिले की आजारपण आलंच.

काही खर्च असे असतात की माहिती नसल्यामुळेच होतात. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, माफ आहे, पण विद्यापीठाचा दाखला दिल्याशिवाय बिल येतच राहतं. व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो, म्हणून पोचल्याच्या आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावं आणि दुखणं अंगावर काढू नये, त्या तपासणीचे पैसे देऊन झालेले आहेत. लंडनची बस २०२५ मध्ये एका फेरीला १.७५ पौंड घेत होती आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे पैसे पडत नाहीत. भुयारी रेल्वे जलद पण महाग. तेव्हा बसच्या वाटेवरचं घर शोधलेलं बरं. प्रवासाच्या विद्यार्थी कार्डावर आठवडी-मासिक पासांत तीस टक्के सूट मिळते. जर्मनीत प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीमागे पंचवीस सेंट परत मिळतात आणि दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो नभोवाणी शुल्क द्यावं लागतं, ते सगळ्या घरसोबत्यांनी वाटून घ्यायचं असतं. एकटीनेच भरत राहिलेल्या मुली असतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

स्वयंपाकाचं मात्र मी जरा लांबवून सांगणार आहे. १८८८ साली लंडनला गेलेल्या गांधीजींनी दोन खोल्यांऐवजी एकच खोली घेतली, एक शेगडी विकत आणली, सकाळचं ओटचं खिमट आणि रात्रीचा कोको-पाव घरीच करायला लागले आणि दिवसाचा खाण्याचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आणला. बसचं भाडंसुद्धा ते वहीत लिहीत. या हिशेबातली शेगडी मला फार महत्त्वाची वाटते. पैसा टाकून घेतलेली ती एक वस्तू पुढे रोज पैसा वाचवत राहिली. आजच्या मुलीची शेगडी म्हणजे तीन लिटरचा कुकर. अमडापूरहून निघताना सामानात त्याच्यासाठी जागा काढावी, बाकी काही राहिलं तरी चालेल. वरण-भात, खिचडी, मटकीची उसळ वीस मिनिटांत होते आणि बाहेरच्या एका जेवणाच्या पैशात तीन दिवस निघतात. काळा मसाला, पापड, शेंगदाण्याची चटणी न्यावी. तूप आणि पेढे नेऊ नयेत, युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तूरडाळ आणि तांदूळ लंडनमधल्या साउथॉल, वेम्बली, टूटिंगच्या दुकानांत मोठ्या पिशवीत स्वस्त पडतात, पण दहा किलोची पिशवी एकटीला ओझं होते. म्हणून चौघींनी भिशी लावावी: दर आठवड्याला ठरलेले पौंड एका डब्यात, एकीने बाजार, दुसरीने रविवारचा मोठा स्वयंपाक, उरलेलं डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास पाव आणि भाज्यांवर पिवळी चिठ्ठी लागून दर खाली येतात, ती वेळ ओळखून ठेवावी. आणि आठवड्यातून एकदा मैत्रिणींबरोबर बाहेर चहा प्यावा. तो खर्च हिशेबात आधीच लिहून ठेवावा, म्हणजे अपराधी वाटत नाही.

एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मुलगी फोनवर म्हणते, जेवले, सगळं बरं आहे. आई म्हणते, पाऊस चांगला झाला, काळजी करू नको. तिकडे एक वेळचं जेवण सुटलेलं असतं आणि इकडे तूर पावसाने गेलेली असते. दोघी एकमेकींना जपतात आणि दोघींचा हिशेब चुकतो. महिन्यातून एका रविवारी शिल्लक किती हा खरा आकडा दोन्ही बाजूंनी बोलला गेलाच पाहिजे. कमी पडणार हे तीन महिने आधी कळलं तर विद्यापीठाच्या अडचण निधीकडे अर्ज करता येतो, भाड्याचा हप्ता पुढे ढकलायला विनंती करता येते, बँकेचा पुढचा हप्ता आधी मागता येतो. उद्या भाडं आहे आणि आज कळलं, तर काहीच करता येत नाही.

घरून पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वर रक्कम गेली आणि ती शैक्षणिक कर्जातून नसेल, तर बँक ठरावीक टक्के कर आधीच कापून घेते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून कित्येक घरांत कधी विवरणपत्रच भरलेलं नसतं, आणि ते भरल्याशिवाय कापलेले पैसे परत मिळत नाहीत. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने त्या वर्षी विवरणपत्र भरावं.

शेवटी दोन्हीकडच्या दिनदर्शिकेचं. ब्रिटनचा वर्ग सप्टेंबरअखेर सुरू होतो. फीची आगाऊ रक्कम, व्हिसाचे पैसे, आरोग्य अधिभार, विमानाचं तिकीट हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये येतं. आपल्याकडे ते पेरणी-खतांचे दिवस, घरात सर्वांत कमी पैसा असलेले. सोयाबीन अजून वावरात उभं असतं. त्यात व्हिसाचा नियम असा, की दाखवायची रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यात राहिली पाहिजे, एक दिवसही खाली उतरता कामा नये. कर्ज मंजूर असेल तर बँकेचं पत्र चालतं, पण घरचे पैसे दाखवायचे असतील तर ते आषाढ-श्रावणात हात न लावता पडून राहायला हवेत. म्हणून येत्या सप्टेंबरला कुणाला निघायचं असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत घरात आलेल्या तुरीच्या पैशांतूनच पहिला वाटा बाजूला काढून बँकेत ठेवावा लागेल, खताची उधारी फेडायच्या आधी.